पारख शाळेची की शेजाऱ्यांची?

अमेरिकेत स्थायिक झालेली आमची मराठी माणसे उपनगरात घर घेताना प्रथम ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ पाहतात. परीक्षेतील सरासरी गुण उंच, म्हणजे शाळा उत्तम, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब आम्हांला मान्य नाही.

तेथील शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता-करातून येतो. घरे महाग, तेथे तिजोरी भरलेली. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे १९६७-६८ साली अलामो हाइट्समध्ये दर विद्यार्थ्यामागे ५९४ डॉलर खर्च होत, एजवूडमध्ये ३५६. आणि कराचा दर मात्र गरीब एजवूडचाच अधिक! १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही व्यवस्था घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. त्याआधी, १९६६च्या कोलमन अहवालाने दाखविले होते की, मुलांच्या यशाचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निकटचा असतो. मग सरासरी गुण पाहून आपण पारख कशाची करतो? शाळेची, की शेजाऱ्यांच्या मिळकतीची?

आईबापांनी मुलांचे हित पाहू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाहायचे तर नीट पाहावे. शाळेत जावे, शिक्षकांशी बोलावे. ते किती वर्षे टिकतात, मागे पडलेले मूल वर्षभरात किती पुढे सरकते, हे विचारावे.

गरिबांच्या मुलांपासून दूर राहणे म्हणजेच प्रगती, हा धडा मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच घरी शिकते. तो पुसायला कोणती शाळा पुरी पडणार?