आमरी घरांत ठेवावी कीं नाहीं?

आमरी, म्हणजे जिला बाजारांत ऑर्किड म्हणतात ती, हल्लीं पुष्कळ घरांत भेट म्हणून येते. तिचीं फुलें दोन-दोन महिने टिकतात. तीं गळालीं कीं झाड मेलें असें समजून तें उकिरड्यावर टाकण्यांत येतें. "आपल्या कोरड्या मुलखांत ही कशी जगणार?" असें कित्येक पालक म्हणतात. आमचें मत असें कीं, ती खुशाल जगते. मात्र स्वभाव न जाणतां केलेली माया तिला मारते.

हा स्वभाव कोणता? घरांत ठेवावयाच्या बहुतेक आमऱ्या मूळच्या रानांतील वृक्षांच्या अंगावर वाढणाऱ्या आहेत. त्यांस बांडगूळ म्हणणें हा अन्याय होय. बांडगूळ दुसऱ्याचा रस शोषतें. आमरी केवळ आधार घेते. तिचीं मुळें हवेंत लोंबतात, व त्यांवरील स्पंजासारखें आवरण पावसाचें पाणी टिपून घेतें. कोरडें मूळ रुपेरी दिसतें, भिजलें कीं हिरवें होतें. ही खूण ज्यास समजली, त्यास पाणी केव्हां घालावें हें कोणास विचारावें लागत नाहीं. ह्या मुळांस पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून काळ्या मातींत लावून उसासारखें पाणी पाजलें कीं तीं कुजतात.

तेव्हां कुंडी पुष्कळ भोकांची घ्यावी, व तींत कोळशाचे आणि विटांचे तुकडे व नारळाचें सोडण घालावें. ती पूर्वेच्या खिडकींत ठेवावी. दुपारचें ऊन लागूं देऊं नये. मुळें रुपेरी झालीं म्हणजे सकाळीं भरपूर पाणी घालून निथळूं द्यावें. नीरेच्या कालव्याच्या भागांत पुष्कळ विहिरींचें पाणी क्षारयुक्त असतें, व क्षार ह्या मुळांस सोसत नाहींत. सबब पावसाचें पाणी साठवावें. आमच्या सांगवीकडे वैशाखांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत परातींत ओली वाळू पसरून तीवर वीट व विटेवर कुंडी ठेवावी, म्हणजे भोंवतालची हवा दमट राहते.

आतां आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सहलीस सह्याद्रींत गेलेले लोक झाडावर लोंबणारी सीतेची वेणी दिसली कीं ती मुळासकट ओरबाडून आणतात. हें कधींही करूं नये. आमरीचें बीं धुळीसारखें बारीक असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत विशिष्ट बुरशीचें साहाय्य मिळालें तरच तें रुजतें. फ्रान्समधील नोएल बर्नार यांनीं हें गूढ १८९९ मध्यें उकललें. पुढें १९२२ मध्यें अमेरिकेंतील लुईस नडसन यांनीं साखर व क्षार घातलेल्या आगरावर बुरशीवांचून बीं रुजवून दाखविलें. तेव्हांपासून बाटल्यांत वाढविलेलीं रोपें सर्वत्र मिळूं लागलीं. रोपवाटिकेंत जें सहज मिळतें, त्यासाठीं रान लुटण्याचें कारण उरलेलें नाहीं. उपटलेली वेणी बहुधा आपल्या अंगणांत वाळते, आणि रानांतली तिची जागा रिकामीच राहते.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु कोळसा, विटा व सोडण यांस कितीसा खर्च येतो? लागतो तो धीर. विद्यार्थ्यांनीं फुलें गळालेली एखादी आमरी टाकूं न देतां ह्या रीतीनें सांभाळावी. पानें सतेज राहिलीं, तर हिवाळ्यांतील रात्रींच्या गारव्यानंतर पानांच्या बगलेंतून नवा दांडा फुटण्याचा पुष्कळ संभव असतो. तोंवर वाट पाहावी.