नवी गाडी: पहिले हजार किलोमीटर

आमच्या घरी स्कूटर आणि शंभर सीसीची जुनी मोटारसायकल एवढ्यावर वीस वर्षे भागले. आता बजाजची डोमिनार ४०० आली आहे. मोहल्ल्यात, दुकानात, लग्नाच्या दावतीत भेटेल तो विचारतो, "किती पळते?" घरातल्या बायका मात्र दुसरेच विचारतात, "मागे बसायला कशी आहे?" हजार किलोमीटर फिरून झाल्यावर आम्हाला वाटते, बायकांचा प्रश्नच खरा आहे.

आधी गाडीविषयी. हिला स्पोर्ट टूरर म्हणतात. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीवर टाकीवर ओणवे व्हावे लागते आणि तासाभरात मनगटे दुखतात. निवांत प्रवासाच्या जड गाडीवर ताठ बसता येते, पण वळणावर ती सुस्त वाटते. स्पोर्ट टूरर या दोघींच्या मधली. ताकद बऱ्यापैकी, बैठक सरळ, समोर वारा अडवणारी काच, मागे सामान बांधायला जागा. डोमिनार पहिल्यांदा डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली. ३७३ सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन, ४० पीएस ताकद, सहा गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस. जुलै २०२५ च्या आवृत्तीत रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफ-रोड असे चार मोड आले. पावसात रेन मोड लावला की ताकद हळुवार येते.

पहिल्या हजार किलोमीटरांत मात्र यातली बरीच ताकद बाजूला ठेवावी लागते. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी जुळायचे असतात. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपुढे इंजिन फिरवायचे नाही, एकाच वेगात तासन् तास न्यायचे नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटायचे नाही आणि पहिली सर्व्हिस चुकवायची नाही. नवे टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतात. शंभरेक किलोमीटर तरी वळणावर गाडी जपून झुकवायची. आम्हाला हा सक्तीचा संयम आवडला. गाडी रुळते तसा चालवणाराही रुळतो.

आमची पहिली लांब फेरी तोरणमाळची. नंदुरबारहून निघालो, प्रकाशाला तापी ओलांडली, शहाद्यात चहा घेतला आणि सातपुड्याकडे वळलो. सपाट रस्त्यावर गाडी साठ-सत्तरच्या वेगात इतकी शांत चालते की वेग कळतच नाही. हीच तिची खुबी आणि हाच तिचा धोका. जुन्या गाडीचा साठीला थरकाप व्हायचा, तो थरकापच आम्हाला सावध करायचा. इथे मीटरकडे पाहत राहावे लागते. पुढे सातपायरी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दोघांना घेऊन कुरकुर न करता चढली. उतरताना इंजिनाचा ब्रेक चांगला लागतो, त्यामुळे हाताचे ब्रेक तापत नाहीत.

दुसरी फेरी धुळ्याची, विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटातून. सुरत-धुळे महामार्गावर ट्रकांची रांग कधी तुटत नाही. तिथे ताकदीचा उपयोग समजला. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला की ट्रक थोड्या अंतरात मागे पडतो. पण अशी ताकद हाती असली की वळणावरही घुसावेसे वाटते, आणि ती भूल आवरायचे बटण कुठल्याच मोडमध्ये नाही.

गावात चित्र वेगळे. गाडीचे वजन १९३ किलो. बाजारातल्या गर्दीत, वाळूच्या कडेला, चढावर उलटी काढताना ते जाणवते. सीट ८०० मिलिमीटर उंच आहे. बेताच्या उंचीच्या माणसाने दोन्ही पाय टेकतात का, ते दुकानातच बसून पाहावे. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात एवढ्या इंजिनाची गरमीही पायाला लागणारच. पेट्रोल आम्हाला लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर पडले. रोज दुकान आणि शाळा एवढेच अंतर असेल तर जुनी गाडीच बरी.

आता मागच्या सीटचे. हा अहवाल आमच्या बेगमचा आहे. मागची सीट पुढच्यापेक्षा उंच असल्याने समोरचा रस्ता दिसतो, पण एका बाजूला पाय टाकून बसणे अवघड. दोन्हीकडे पाय टाकून, कडी धरून बसले तरच लांबचा प्रवास निभतो. तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत.

सगळ्यात महत्त्वाचे कपड्यांचे. अशा गाड्यांची साखळी बहुधा उघडीच असते. बुरख्याचा घेर, ओढणीचे टोक, साडीचा पदर चाकात किंवा साखळीत गेला तर क्षणात माणूस खाली खेचला जातो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी सक्तीची आहे. ती जाळी गाडीची शोभा घालवते म्हणून पोरे काढून टाकतात. घरातल्या बायकांनी ती काढू देऊ नये. निघण्यापूर्वी घेर गोळा करून मांडीखाली दाबावा, ओढणीची टोके आत खोचावीत, आणि चालवणाऱ्याने मागे वळून एकदा खात्री करून मगच गिअर टाकावा. यात अर्धा मिनिट जातो.

हेल्मेटही दोघांना. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलाला नेताना सुरक्षा हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हेल्मेटवर आयएसआय खूण पाहून घ्यावी आणि खालचा पट्टा आवळावा. पट्टा मोकळा असलेले हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही.

शेवटी, हल्ली अनेक घरांत विचारला जाणारा प्रश्न: मुलगा हीच गाडी मागतो, द्यावी का? अठरा पूर्ण नसतील आणि परवाना नसेल तर विचारच नको. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी पहिली गाडी म्हणून ही आम्ही देणार नाही. त्याने आधी दोन-चार वर्षे छोट्या गाडीवर पाऊस, घाट आणि ट्रक पाहावेत. खर्चही ध्यानात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के.

मुलगा हट्टच धरून बसला तर भांडू नका. त्याच्या छोट्या गाडीवर त्याच्या अम्मीला मागे बसवून शहादा किंवा नवापूरपर्यंत नेऊन आणायला सांगा. ती उतरताना काय म्हणते, त्यावर निर्णय घ्या.