गोरोबाकाकांच्या संतीचा चेहरा कुणी काढायचा?

धाराशिव असो की लातूर, प्री-वेडिंग शूट करणाऱ्या कुठल्याही पोराला 'रेम्ब्रांट लायटिंग' माहीत असतं. एका बाजूनं, थोडा वरून उजेड सोडायचा. अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला पाहिजे. त्रिकोण पडला की रेम्ब्रांट संपला. मग तोच चेहरा ॲपमध्ये घालून त्याच्यावरच्या सुरकुत्या, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं धुऊन काढायची. ज्या माणसानं आयुष्यभर नेमकं हेच सगळं रंगवलं, त्याचंच नाव लावून आपण ते पुसतो.

हे फक्त फोटोवाल्यांचं पाप नाही. चौकातल्या फ्लेक्सकडे बघा. साठीचा नेता पस्तिशीचा दिसतो आणि खाली रांगेनं लावलेले शुभेच्छुक एकाच साच्यातून काढल्यासारखे. आपल्याकडे चेहरा दाखवायचा म्हणजे चेहरा लपवायचा, असा नियमच झालाय.

रेम्ब्रांटनं स्वतःचे चाळीसच्या आसपास चेहरे नुसते तैलरंगात केले. रेखाटनं आणि छापचित्रं वेगळीच. सेल्फीच म्हणा हवं तर. पण १६५६ साली त्याचं दिवाळं निघालं, घर, सामान, चित्रसंग्रह विकावा लागला, आणि त्यानंतरच्या चित्रांत तो ते लपवत नाही. नाक सुजलेलं, गाल लोंबलेले, नजर थेट तुमच्यावर. १६६९ साली, मरणाच्या वर्षी, त्रेसष्टाव्या वर्षीही तो आरशासमोर बसला. फिल्टर न लावता.

आता दुसरी गोष्ट. रेम्ब्रांटची बायबलमधली चित्रं काढली की आपल्यातल्या चांगल्या वाचणाऱ्या पोरांचाही चेहरा पडतो. 'ते ख्रिस्ती लोकांचं आहे, आपलं काय त्यात?' हा प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. जानेवारी २०२० मध्ये ९३वं मराठी साहित्य संमेलन आपल्याच गावात झालं. तेव्हा गावाचं सरकारी नाव उस्मानाबाद होतं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे. त्यांच्या निवडीला विरोध झाला. ते वाईट लिहितात म्हणून नव्हे, धर्मगुरू आहेत म्हणून. वाक्य मराठी, माणूस मराठी, तरी गोष्ट 'बाहेरची'. गावानं संमेलन पार पाडलं, हे गावाचं मोठेपण. पण तो प्रश्न आपल्या डोक्यातून गेलेला नाही.

तर 'बाहेरचं' म्हणजे किती बाहेरचं, ते बघू. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गचा पाणीमहाल १६१३च्या सुमारास बांधला गेला, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. त्याच आदिलशहाच्या दरबारी हार्लेमहून आलेला कोर्नेलिस हेडा नावाचा डच चित्रकार होता. रेम्ब्रांट तेव्हा लहान पोर होता. पुढे १६३७ साली डचांनी आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. आणि मुघल चित्रं ॲमस्टरडॅमला पोचली, तेव्हा रेम्ब्रांटनं ती समोर ठेवून नक्कल केली. अशी वीसहून जास्त रेखाटनं आजही शिल्लक आहेत. त्यातल्या एकात झाडाखाली चार मौलवी बसलेत. १६५६ साली त्यानं अब्राहमाच्या घरी देवदूत जेवायला येतात तो प्रसंग कोरला, तेव्हा बैठक तिथूनच उचलली. तिकडे अकबराच्या दरबारात जेझुइटांनी आणलेली बायबलची चित्रं बघून मुघल चित्रकार मरियम काढत होते. म्हणजे त्यांच्या बायबलात आपलं चित्र आणि आपल्या चित्रात त्यांचं बायबल. यात कुंपण कुठं घालणार?

पण मुद्दा देवाणघेवाणीचा नाहीच. मुद्दा असा की रेम्ब्रांटनं धर्मग्रंथातल्या माणसांना माणसाचे चेहरे दिले. ते त्यानं गल्लीतून उचलले: शेजारचे ज्यू, म्हाताऱ्या बायका, स्वतःचा मुलगा. १६६१ साली संत पॉल काढायचा होता, तर त्यानं स्वतःचाच थकलेला चेहरा त्याला दिला.

अब्राहमाची गोष्ट घ्या. देव म्हणतो, पोराचा बळी दे. बाप सुरी उचलतो, ऐनवेळी देवदूत अडवतो. १६३५ साली रेम्ब्रांटनं हे रंगवलं तेव्हा सगळा थरार आहे: बापाचा पंजा पोराच्या तोंडावर दाबलेला, सुरी हातातून सुटून हवेत. १६५५ साली तोच प्रसंग त्यानं पुन्हा कोरला. मधल्या वीस वर्षांत त्याची तीन तान्ही मुलं गेली, बायको सास्किया गेली. आता बाप पोराचे डोळे झाकतो, जवळ ओढून. देवदूत मागून मिठी मारतो. आणि सुटका झाली तरी बापाच्या चेहऱ्यावर आनंद नाही. जे करायला निघालो होतो, ते त्याला कळलंय.

आता आपल्या तेरला या. गोरोबाकाका चिखल तुडवतायत, नामात दंग, आणि रांगत आलेलं पोर पायाखाली जातं. अब्राहमापेक्षा ही गोष्ट भयंकर आहे. इथं हात धरायला देवदूतही येत नाही. पुढे विठ्ठल पोर परत देतो, ते नंतर. पण पाणी घेऊन परत आलेल्या संतीला त्या क्षणी काय दिसलं? आपल्या कॅलेंडरांत गोरोबांच्या डोक्यामागे तेजोवलय, मिटलेले डोळे, गुळगुळीत गाल. संती असलीच तर कोपऱ्यात, घागरीसकट, तितकीच गुळगुळीत. एवढी मोठी गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगतो आपण, आणि आईचा चेहरा बघायची हिंमत होत नाही. ही भक्ती नव्हे, पळवाट आहे.

लगेच कुणी म्हणेल, तसबीर पूजेसाठी असते, तिला सुरकुत्या कशाला? मान्य. देव्हाऱ्यातली तसबीर देव्हाऱ्यात राहू द्या. पण रेम्ब्रांटच्या गावातल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये चित्रांना जागाच नव्हती. त्याची बहुतेक बायबल-चित्रं घरात लावून बघण्यासाठी होती, हात जोडण्यासाठी नव्हे. पूजेचं चित्र आणि बघण्याचं चित्र अशा दोन गोष्टी असू शकतात. आपल्याकडे पहिलं ढिगानं आहे, दुसरं जवळजवळ नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. रेम्ब्रांटही पैसेवाल्यांची पोर्ट्रेट काढूनच मोठा झाला, आणि तो पैसा साखरेचा, मसाल्यांचा, गुलामांच्या घामाचा होता. खरंय, ते विसरायचं कारण नाही. पण म्हणून त्याच्याकडून बघायला शिकायचं नाही, हे मला पटत नाही. तो संत नव्हता. तो फक्त नजर वळवत नव्हता.

आणि धाराशिवच्या पोरांना हे शिकायला ॲमस्टरडॅमला जावं लागत नाही. तिथल्या राइक्स म्युझियमची चित्रं मोबाइलवर फुकट उघडतात, रंगाचा फटकारा दिसेपर्यंत झूम होतात. त्यातली एक म्हातारी पाच मिनिटं बघा. मग तोच मोबाइल घेऊन आजीसमोर बसा आणि ब्यूटी मोड बंद करा. ज्याला आजीच्या चेहऱ्याकडे तसं बघता आलं, तोच कधीतरी संतीचा चेहरा काढेल. तोवर आपल्याकडे गोरोबांची कॅलेंडरं असतील, चित्र नसेल.