घर आणि यंत्र : गाडीची नवी कांच

गेल्या महिन्यांत या सदरांत घरांतील विजेच्या जुन्या तारांविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर कांहीं भगिनींनीं कळविलें कीं, दारांत उभ्या असलेल्या यंत्राविषयींहि एकदां लिहावें. कारण घरांतील वडीलधारीं माणसें, लेंकरें आणि लग्नकार्याचें सामान या सर्वांचा भार आतां त्या एका मोटारीवरच असतो. ही सूचना मनांत घोळत असतांनाच आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, विषय शोधण्याचे श्रमच उरले नाहींत. प्रसंग आमच्या शहाणपणास फारसा शोभणारा नाहीं. परंतु दुसऱ्यांच्या चुका सांगून उपदेश करण्यापेक्षां स्वतःची सांगावी हें बरें.

नगरास (शासनदरबारीं २०२४ सालापासून अहिल्यानगर; परंतु जिभेवरचें नगर अजून गेलेलें नाहीं) आमचें एकत्र कुटुंब राहतें. थोरले बंधु जमाखर्च पाहतात, त्यांचा मुलगा गाडी चालवितो, आणि आमच्या मातोश्री मागच्या बैठकीवरून त्या दोघांसहि चालवितात. मार्गशीर्षांत आम्ही सर्व नेवाशास पैसाच्या खांबाच्या दर्शनास गेलों होतों. परततांना पुढें धांवणाऱ्या मालमोटारीच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि आमच्या पुढच्या कांचेवर टण्‌कन् आदळला. खूण टिकलीएवढी, पण घरीं पोंचेपर्यंत तिच्यापासून वीतभर तडा गेला.

दुसऱ्या दिवशीं कांच बदलण्यास गाडी दिली. तेथील कारागीर सरळ मनुष्य होता. तो म्हणाला, “साहेब, या गाडीला कांचेमागें कॅमेरा आहे. कांच मी बसवितों. पण कॅमेऱ्याचें कॅलिब्रेशन करावें लागतें, तें माझ्याकडे होत नाहीं. पुण्यास न्या.” बंधूंनीं खर्चाचा अंदाज विचारला, आणि तो ऐकतांच त्यांच्या कपाळास आठी पडली. “कांच ती कांच! तिच्यांतून आरपार दिसलें म्हणजे झालें. तिची आणखी कसली मोजणी?” असें म्हणून त्यांनीं मजकडे पाहिलें. यंत्रांविषयीं दरमहा लेख लिहिणाऱ्या या लेखकानें त्या वेळीं निमूटपणें मान डोलाविली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हा कॅमेरा करतो काय, तें आधीं सांगतों. हल्लींच्या कित्येक मोटारींत मधल्या आरशाच्या मागें, पुढच्या कांचेला लागून, तो बसविलेला असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढचीं वाहनें व पायीं चालणारीं माणसें तो ओळखतो. गाडी पट्ट्याबाहेर सरकूं लागली तर चालकास सावध करतो, कांहीं गाड्यांत स्टिअरिंगहि किंचित् वळवितो, आणि धडकेचा संभव दिसला तर ब्रेक लावतो. या सर्व योजनेस ‘एडास’ असें आद्याक्षरांचें नांव आहे. चाकण येथें तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही गाडी २०२१ सालीं बाजारांत आली. त्या सुमारापासून पुढें ही सोय आपल्यासारख्या कुटुंबांच्या दारापर्यंत पोंचूं लागली.

कांच बदलून आठ दिवस झाले असतील. मातोश्रींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यास झालेली, आणि चष्म्याचा नंबर ठरविण्यासाठीं त्यांस पुन्हां बोलाविलें होतें. सकाळींच निघालों. सुपें मागें पडलें. रस्ता सरळ, पट्टे स्वच्छ, ऊन कोंवळें. आम्ही दुभाजकाच्या बाजूनें चाललों होतों. पुतण्या म्हणाला, “काका, स्टिअरिंग उजवीकडे ओढतें आहे.” मीं म्हटलें, चाकांत हवा कमीजास्त असेल. तोंच डाव्या पट्ट्यांतून, आमच्या वाटेंत मुळींच नसलेली, एक दुधाची गाडी पुढें दिसूं लागली, आणि आमच्या गाडीनें कोणास न विचारतां करकचून ब्रेक लावला. मातोश्रींच्या मांडीवरचा डबा खालीं गेला. मागून एसटी येत होती. तिच्या चालकानें प्रसंगावधान राखलें म्हणून ती हातभर अंतरावर थांबली. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग पुतण्यानें ती सर्व स्वयंचलित मदत बंद केली व उरलेला रस्ता जुन्या पद्धतीनें, हळूहळू, पार पाडला.

सायंकाळीं परतल्यावर ही हकीकत शेजारच्या रिसालदारसाहेबांच्या कानीं घातली. आमच्या नगरास चिलखती दळाचें केंद्र असल्यामुळें निवृत्त घोडदळी मंडळी गल्लोगल्लीं भेटतात. आणि १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय तर येथील मुलांच्या सहलीचें ठरलेलें ठिकाणच आहे. रिसालदारसाहेब हंसले व म्हणाले, “रणगाड्यावर नेम धरायची दुर्बीण एक आणि तोफेची नळी दुसरी. दोघींची नजर एका ठिकाणीं मिळाली नाहीं, तर तोफेमागें अर्जुन बसवा. गोळा भलतीकडेच जाणार!” मग त्यांनीं ती नजर कशी मिळवितात तें सांगितलें. नळीच्या तोंडाशीं दोन दोरे आडवे-उभे ताणून, नळीच्या आंतून पाहत तो छेद लांबच्या एका ठळक खुणेवर आणावयाचा. आणि मग दुर्बिणीतील खूण फिरवून त्याच ठिकाणीं आणावयाची. दुर्बीण काढून पुन्हां बसविली कीं हें काम पुन्हां करावयाचें, मग ती बसविणारा कितीहि कुशल असो. “तुमच्या गाडीची दुर्बीण तुम्ही काढून बसविलीत,” ते म्हणाले, “नजर मात्र मिळविली नाहींत.”

वाचकहो, सर्व विषयाचें सार यांत आलें. तरी ‘इतक्या क्षुल्लक फरकानें असें काय होतें?’ ही शंका आमच्या बंधूंप्रमाणें पुष्कळांस येईल, म्हणून थोडें गणित मांडतों. पुष्कळ गाड्यांत कॅमेऱ्याची बैठक कांचेलाच चिकटविलेली असते. तेव्हां नवी कांच म्हणजे नवी बैठक. ती ६० मिलिमीटर लांबीची धरली व तिचें एक टोक केवळ एक मिलिमीटर उचललेलें राहिलें, तर कॅमेऱ्याची दृष्टि सुमारें एक अंशानें ढळते. एक अंश म्हणजे जवळ कांहींच नव्हे. परंतु १०० मीटरांवर तो पावणेदोन मीटर होतो. महामार्गावरील एक पट्टा साडेतीन मीटर रुंदीचा. म्हणजे चूक बरोबर अर्ध्या पट्ट्याची झाली. आमच्या कॅमेऱ्याची नजर डावीकडे ढळलेली होती. त्यामुळें समोरचें सर्व जग त्यास उजवीकडे सरकलेलें दिसे. पट्ट्याचा मध्य उजवीकडे आहे असें समजून तो स्टिअरिंग दुभाजकाकडे ओढी, आणि शेजारच्या पट्ट्यांतील दुधाची गाडी त्यास आमच्या पुढ्यांत उभी दिसली.

नजर वरखालीं ढळली तर अंतराचा अंदाज चुकतो. पुढचें वाहन चित्रांत किती खालीं दिसतें, यावरूनहि कॅमेरा त्याचें अंतर काढीत असतो. कॅमेरा जमिनीपासून १·३ मीटर उंच धरला, तर केवळ अर्ध्या अंशाच्या चुकीनें ५० मीटरांवरचें वाहन साध्या भूमितीप्रमाणें ७५ मीटरांवर किंवा उलट ३७ मीटरांवर असल्याचें भासेल. ताशीं ८० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत २२ मीटर जाते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या फरकाची किंमत कळते. कित्येक गाड्यांत रडारची जोड असते व लहानसहान चूक संगणक स्वतःहि सांवरून घेतो, हें खरें. परंतु त्या सांवरण्यास मर्यादा असते. शिवाय कांचेचा वांक व जाडी यांतील फरकानेंहि प्रकाशकिरण वळतात. पुढची कांच ही दोन कांचांमध्यें चिवट पापुद्रा घालून केलेली असते. फुटली तरी तिचे तुकडे अंगावर उडूं नयेत म्हणून ही युक्ति बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थानें काढली व १९०९ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्या काळीं कांचेचें काम वारा अडविणें व माणसाचें रक्षण करणें एवढेंच होतें. आतां ती गाडीच्या डोळ्याचा भागच झाली आहे.

आम्हांस सर्वांत अधिक भय वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. एडास मुळींच नसती तर पुतण्या सावध राहिला असता. ती बंद पडती तर समोर दिवा लागला असता. परंतु आमच्या गाडींत कोणताहि दिवा लागला नव्हता. मदतनीस जागेवर होता, कामहि करीत होता, फक्त चुकीचें करीत होता, आणि तेंहि पूर्ण आत्मविश्वासानें. ज्यावर आपण विसंबतों तो चुकला, तर त्याची चूक आपल्या दक्षतेलाहि घेऊन बुडते. दिवा लागला नाहीं म्हणजे सर्व ठीक आहे, असें म्हणूनच मानूं नये.

त्या रात्रीं जेवतांना मातोश्री बंधूंस म्हणाल्या, “अरे, माझ्या डोळ्यांतलें भिंग बदललें, तर डॉक्टरांनीं पुन्हां बोलावून नजर तपासली. गाडीच्या डोळ्यापुढली कांच तूं बदललीस. तिला तपासायला नको?” बंधु कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं पुण्यास दूरध्वनि त्यांनींच केला.

हें काम दोन प्रकारांनीं होतें. कोणत्या गाडीस कोणता प्रकार, कीं दोन्ही, हें तिच्या निर्मात्यानें ठरविलेलें असतें. पहिल्यांत गाडी सपाट जमिनीवर, सारख्या उजेडांत उभी करतात. चाकांतील हवा नेमून दिल्याप्रमाणें भरतात व आंतील ओझें काढून घेतात, कारण गाडी मागें दबली तरी नजर वर जाते. मग गाडीच्या मध्यरेषेपासून अंतरें मोजून समोर ठराविक आकृत्यांचा फलक उभा करतात, व संगणक जोडून ‘सरळ म्हणजे हें’ असें कॅमेऱ्यास शिकवितात. दुसऱ्या प्रकारांत तोच संगणक जोडून, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर नेमल्या वेगानें गाडी चालवितात, आणि कॅमेरा पट्टे पाहून आपली नजर जुळवितो. मुसळधार पावसांत किंवा पुसट पट्ट्यांच्या रस्त्यावर हा दुसरा प्रकार साधत नाहीं. आमच्या गाडीस पहिला प्रकार करावा लागला. दोरी, ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन चाललेलें तें काम पाहतांना बंधु म्हणाले, “हें तर घराचा पाया आंखण्यासारखें आहे.” 

आतां गृहस्थाश्रमी वाचकांसाठीं कांहीं सूचना. कांच बदलण्यास देण्यापूर्वींच ‘आमच्या गाडीस कॅमेरा आहे काय, आणि त्याचें कॅलिब्रेशन कोण करणार?’ हें विचारावें. विमा असेल तर तो खर्च आधींच अंदाजपत्रकांत लिहवून घ्यावा. काम झाल्यावर तें यशस्वी झाल्याचा संगणकाचा कागद मागून पावतीसोबत ठेवावा. नवी कांच त्याच गाडीसाठीं, कॅमेऱ्याच्या खिडकीसह बनविलेली असावी. फास्टॅगची पट्टी मधल्या आरशाजवळ लावण्याचा प्रघात आहे. ती कॅमेऱ्यापुढें येणार नाहीं असें पाहावें, व आरशास टांगलेल्या माळाहि आंखूड असाव्या. अपघात, स्प्रिंगांची दुरुस्ती, चाकांची अलाइनमेंट किंवा निराळ्या मापाचे टायर यांनंतरहि कॅलिब्रेशन लागेल काय, हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. रडार पुष्कळदां पुढच्या बंपराच्या बाजूस असतें. तेव्हां बंपर बदलल्यावरहि हाच प्रश्न विचारावा. आणि कॅलिब्रेशन होईपर्यंत मदत बंद ठेवून, ती नाहींच असें समजून गाडी चालवावी.

एवढें करूनहि एक गोष्ट विसरूं नये. आपल्या जिल्ह्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला कीं उंसानें भरलेल्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात; त्यांतील कित्येकांस मागें ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. उंसाचीं वाढीं लोंबत असलेली ती काळोखांतील रास नीट मापलेल्या कॅमेऱ्यासहि ओळखूं येईलच, अशी हमी नाहीं. यंत्राचा डोळा सरळ केला म्हणून माणसानें आपला मिटावयाचा नसतो.

पुण्याहून परततांना तोच सुप्याचा रस्ता लागला. पुतण्यानें मदत पुन्हां चालू केली. गाडी पट्ट्याच्या मधोमध चालली, आणि शेजारून एक दुधाची गाडी जाऊं लागली तरी तिनें हूं कीं चूं केलें नाहीं. मातोश्री मागें डबा घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनीं तो घर येईपर्यंत सोडला नाहीं.

त्या रात्रीं बंधूंनीं नेहमींप्रमाणें जमाखर्चाची वही काढली. कॅलिब्रेशनची रक्कम त्यांनीं ‘गाडी-दुरुस्ती’च्या रकान्यांत लिहिली असेल अशा समजुतीनें मीं वहींत डोकावलों. ती तेथें नव्हती. मातोश्रींच्या चष्म्याच्या लगेच खालीं, ‘औषधोपचार—डोळे’ या सदराखालीं, ती त्यांच्या वळणदार अक्षरांत नीट मांडलेली होती.