रात्री अकरानंतर बंद होणारे गाव

जर्मनीच्या नकाशात एल्ब नदी दाखवा म्हटले की आमच्या वर्गातली बहुतेक बोटे हॅम्बुर्ग शहरावर जाऊन थांबतात. या महिन्यात आपण तिथून प्रवाहाच्या उलट, आग्नेयेकडे जाऊ. चेक देशाच्या डोंगरांत उगम पावून सुमारे 1,094 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीच्या उजव्या काठावर ड्योमिट्झ नावाचे छोटे शहर आहे. त्याला लागूनच, उंच काठावर, रूटरबर्ग ही वस्ती आहे.

इथल्या जमिनीत चिकणमाती भरपूर, म्हणून विटांचा धंदा चाले. जुने नाव वेंडिश वेनिंगेन-ब्रोडा. वेंडिश म्हणजे स्लाव लोकांचे. नाझी राजवटीला ते खटकले असणार. 1938 मध्ये नाव बदलले.

महायुद्धाच्या अखेरीस, 20 एप्रिल 1945 रोजी, अमेरिकी विमानांनी ड्योमिट्झचा रेल्वेपूल पाडला. पुढे देशाची फाळणी झाली. उजवा काठ पूर्व जर्मनीत गेला, समोरचा पश्चिमेत, आणि नदीच सरहद्द झाली. फाळणी म्हणजे काय, हे आपल्या घरांतल्या बुजुर्गांना वेगळे सांगायला नको.

1952 मध्ये पूर्व जर्मनीने सरहद्दीलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा प्रतिबंधित केला. त्या पट्ट्यातल्या ज्यांच्यावर सरकारचा भरवसा नव्हता, अशा हजारो माणसांना घरातून उठवून दुसरीकडे नेले. या मोहिमेचे एक नाव होते 'किडे-मकोडे'. माणसांच्या यादीवर असे नाव लिहिणारा हात कसा असेल, असा विचार आमच्या मनात येतो.

नदीच्या बाजूला कुंपण होतेच. 1967 मध्ये गावाच्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूलाही दुसरे कुंपण उभे राहिले. म्हणजे रूटरबर्ग आपल्याच देशापासूनही तुटले. आत-बाहेर जायला एकच फाटक, त्यावर पहारा. गावकऱ्यांनी ओळखपत्र दाखवायचे. पाहुण्याला आधी परवानगी हवी, आणि ती सहजी मिळत नसे. रात्री अकरा ते पहाटे पाच फाटक बंद. शहरातून परतायला उशीर झाला तर स्वतःच्या घराचा दिवा दिसत असूनही रात्र बाहेर काढायची! ईद असो की मयत, आपल्याकडे पाहुण्याला कोणी परवाना विचारत नाही. त्या गावात मावशीला भाचीच्या घरी यायचे तरी कागद लागत. तरुण मुले निघून गेली, वस्ती ओसरत गेली. नदी अंगणासमोर, पण तिच्या काठावर फिरायला जायची सोय नव्हती.

गावात हान्स रासेनबर्गर नावाचे शिंपी होते. 1989 च्या शरद ऋतूत देशभर मोर्चे निघत होते. त्यांनी गावसभा मागितली. 8 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गावकरी जमले, सरकारची माणसेही समोर होती. शिंपीबुवांनी मांडले ते असे, की आपले गाव तसेही सगळ्यांपासून तोडलेले आहे, तर आपण त्याला 'ग्राम-प्रजासत्ताक' जाहीर करू आणि आपले नियम आपण ठरवू. गावाने एकमुखाने होकार दिला. कुणाला हा विनोद वाटेल. पण त्या संध्याकाळी त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हते की दुसऱ्याच रात्री बर्लिनची भिंत उघडणार आहे. बंदूकधारी पहारा अजून फाटकावरच होता. आमच्या मते खरी हिंमत त्या एका दिवसाच्या फरकात आहे. दोन दिवसांनी हाच ठराव कुणीही केला असता.

देश एक झाल्यावर राज्य सरकारने 1991 मध्ये गावाला 'ग्राम-प्रजासत्ताक' हे बिरुद लावायची मुभा दिली. 2004 मध्ये रूटरबर्ग ड्योमिट्झ नगरपालिकेत सामील झाले. ड्योमिट्झजवळ रस्त्याचा नवा पूल 1992 च्या डिसेंबरात सुरू झाला. रेल्वेपूल मात्र पुन्हा बांधला गेला नाही. पश्चिम काठावर त्याच्या कमानी आजही उभ्या आहेत, नदीपर्यंत येऊन थांबलेल्या.