झाकण उघडण्याआधी थांबा!
भंडारा जिल्ह्यातल्या आई-बाबांना कळकळीचं आवाहन

आई-बाबांनो, आजी-आजोबांनो,

धानाची चुरणी आटोपते, थंडी वाढते आणि घरोघरी लेकरं खोकायला लागतात. रात्री छाती घरघरते, लेकरू झोपत नाही, आणि आपला हात फळीवरच्या बाटलीकडे जातो. मागच्या वर्षीची, झाकणाला पाक चिकटलेली, लेबल पुसट झालेली अर्धी बाटली. ती उघडू नका.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा आणि आसपास, ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून अधिक लेकरं दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. आपणही आपलं माणूस जास्त आजारी पडलं की तिथंच नेतो. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यात वापरायचं रसायन मूत्रपिंडं निकामी करतं. याच विषानं १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा जीव घेतला होता.

हे विष चवीला गोड असतं, त्याला वास नसतो आणि लेबलवर ते लिहिलेलं नसतं. छिंदवाड्यातल्या अनेक लेकरांना तर औषध डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. मग आपल्या हातात काय उरतं? गरज नसलेलं औषध लेकराच्या पोटात जाऊ न देणं. साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही सांगितलं आहे: २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, ५ वर्षांखालच्यांनाही सहसा नकोत.

म्हणून हात जोडून सांगते, एवढं कराच:

• मेडिकलमधून स्वतःच्या मनानं खोकल्याचं औषध आणू नका. थोरल्याचं धाकट्याला, शेजारच्या पोराचं आपल्या पोराला देऊ नका.
• डॉक्टरांना विचारा, “हे औषध खरंच लागतं का? किती, आणि किती दिवस?” विचारायला लाजू नका.
• औषध बाटलीसोबतच्या मापानंच द्या. घरचे चमचे एका मापाचे नसतात.
• बिल आणि बाटली जपून ठेवा. बॅच नंबर त्यावरच असतो.

औषध दिल्यावर लेकराला उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तरीही तसंच करा.

आणि भीतीपोटी उलटी चूक करू नका. सिकलसेल, फिट, क्षय यांची चालू औषधं बंद करू नका, लस टाळू नका. शंका असेल तर आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात जा.

औषधाबद्दल संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. तुमच्या एका फोननं दुसऱ्या गावातलं लेकरू वाचू शकतं.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हे वाचून दाखवा. आणि आज रात्री जेवणं झाली की फळीवरची ती जुनी बाटली खाली काढा आणि बाद करा.

— तुमच्यासारखीच एक आई, तुमसर