पाय चालोत, कानी मराठी राहो

डॉक्टरांनी रक्तातील साखर दाखवून रोज चालायला सांगितले, तेव्हा आम्ही पहाटे उठू लागलो. उत्साह जेमतेम तीन आठवडे टिकला. वर्गात पोरांना व्यायामाचे महत्त्व सांगणारे आम्ही; पण आमचेच अंथरूण सुटेना. अखेर मुलीने मोबाईलमध्ये 'श्यामची आई'चे वाचन घालून दिले आणि अट घातली, "बाबा, हे फक्त चालताना ऐकायचं. घरात नाही."

साने गुरुजींनी हे पुस्तक रात्रींमध्ये विभागले आहे. एका फेरीला एक रात्र. पुढची रात्र ऐकायची तर वेशीबाहेर पडलेच पाहिजे. आता पाय आपोआप निघतात.

ही नुसती घरगुती युक्ती नव्हे. अमेरिकेत कॅथरिन मिल्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ जणांवर असाच प्रयोग करून २०१४ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांना ध्वनिपुस्तके व्यायामशाळेतच ऐकता येत होती, ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के अधिक वेळा व्यायामाला आले. मात्र नोव्हेंबरातील सणाच्या सुट्टीनंतर हा फरक ओसरला. आपल्याकडेही जत्रा, सुगी, लग्नसराई आली की फेरी मोडते. म्हणून जत्रा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नवे पुस्तक लावायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण दुकानात, कचेरीत, शिलाई मशीनवर बसून दिवस काढणारे गावात आता थोडे नाहीत. त्यांनी अवश्य चालावे. फक्त एक कान मोकळा ठेवावा; हंगामात रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर धावत असतात.

आम्हा सीमाभागातील मंडळींना यात आणखी एक लाभ दिसतो. घरात मराठी बोलणारी, पण दुसऱ्या माध्यमात शिकल्यामुळे देवनागरी वाचताना अडखळणारी पोरे आम्ही रोज पाहतो. आजीला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. या दोघांना एकच पुस्तक एकत्र ऐकता येते. ऐकणे हा वाचनाला पर्याय नव्हे, हे शिक्षक या नात्याने आम्हीच आधी सांगू. पण चांगले मराठी कानावर पडत राहिले, तर ते पुस्तक हाती घ्यावेसेही वाटते.

साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची ६० वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे. मग गावच्या वाचनालयात बसून, आपल्याच माणसांच्या आवाजात ही पुस्तके ध्वनिमुद्रित करायला काय हरकत आहे? समितीच्या पुढील बैठकीत आम्ही हा विषय मांडणार आहोत. भाषेसाठी निवेदने आजवर पुष्कळ दिली, पुढेही देऊ. पण उद्या पहाटे अर्धा तास मराठी ऐकत चालायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.